काटा हलत नाहीये आणि मन उडालंय, तेव्हा काय करायचं

ताई, बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते. वय 43, राहायला बडोद्यात कारेलीबागेत, बँकेत दिवसभर बसून काम, मार्चमध्ये वजन 82 किलो होतं आणि आता ऑगस्टमध्ये 76.5. कमाटीबागेत आठवड्यातले पाच दिवस 40 मिनिटं चालता, रात्री साडेआठच्या आत जेवता, चहातली साखर सोडलीत. पण गेले साडेतीन आठवडे काटा 76.5 आणि 77.3 च्या मधेच घुटमळतोय, ऑफिसमधल्या मैत्रिणीचं शेक पिऊन दोन महिन्यांत 9 किलो उतरलं, घरचे म्हणतात काही फरक दिसत नाही, आणि आता सकाळी बूट घालायचीच इच्छा होत नाही. नवरात्र दीड महिन्यावर आलंय. मोटिव्हेशन कुठून आणू, असं विचारलंयत.

मी बडोद्यात बरीच वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि हा प्रश्न साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात येतोच. पहिल्या महिन्यात कुणाचंच मन उडत नाही. तर मोटिव्हेशनचं बोलायच्या आधी तुमच्याच आकड्यांचा एक हिशोब मांडूया, कारण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी आळशी अजिबात नसतात, चुकीच्या आकड्याकडे रोज बघून बघून थकलेल्या असतात.

पाच महिन्यांत साडेपाच किलो. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी धरतात, म्हणजे साडेपाच किलोच्या झाल्या 42 हजारांच्या आसपास. 150 दिवसांनी भागलं की रोजच्या येतात 280. (ढोबळ आहे हे, उतरलेल्या वजनात थोडं पाणी आणि थोडे स्नायूही असतात, पण समजायला पुरेसं आहे.) आता 280 कॅलरी म्हणजे चरबी किती, तर 36 ग्रॅम. म्हणजे तुम्ही इतकं सगळं सांभाळलंत त्याचं रोजचं फळ 36 ग्रॅम आहे आणि तुमच्या बाथरूममधला काटा 100 ग्रॅमच्या खालचं दाखवतच नाही. तो तुमची मेहनत रोज दाखवूच शकत नाही, तेवढी त्याची नजर बारीक नाही.

आणि त्याच वेळी तोच काटा पाणी मात्र लगेच दाखवतो. स्नायूत आणि लिव्हरमध्ये मिळून जवळपास अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. रविवारी सकाळी तरी घालून शेव-उसळ खाल्ली, वर पाव, संध्याकाळी कुणाकडे जेवण, तर मीठ आणि कार्ब्स मिळून सोमवारी काटा किलोभर वर जातो, आणि त्यात नवीन चरबी बघायला गेलं तर जेमतेम असते. पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत एक ते दोन किलो पाणी धरणारं शरीर अगदी नॉर्मल आहे. पोट साफ नसेल तर तेही वजनातच. म्हणजे बघा, साडेतीन आठवड्यांत तुमची चरबी कमी झाली असेल पाऊण-एक किलो आणि पाण्याचा खेळच मुळी एक-दीड किलोचा, मग काटा जागेवर दिसला तर त्यात नवल काय. तुम्ही बँकेतल्या आहात म्हणून सांगते, रोजचं वजन हे चेक क्लिअर व्हायच्या आधीच्या बॅलन्ससारखं आहे, त्यावरून खातं बुडालं असं कुणी ठरवत नाही.

मग करायचं काय, तर वजन बंद करू नका, बघायची पद्धत बदला. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही ठेवलीय, किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. तेव्हा काट्याशी भांडण नाही. पण ज्यांना पाळी येते त्या बायकांनी या आठवड्याचं वजन मागच्या आठवड्याशी ताडून बघू नये, असं माझं ठाम मत आहे. पाळीच्या सातव्या दिवशी सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, वजन करा आणि ते मागच्या महिन्याच्या सातव्या दिवसाशी ताडून बघा. महिन्याला एकच खरा आकडा. मधले दिवस बघायचे असतील तर बघा, पण डायरीत लिहू नका. पाळी अनियमित असेल तर तीन-चार दिवसांचं वजन घेऊन सरासरी काढा आणि ती चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी लावा.

आता तुमचे साडेपाच किलो किती मोठे आहेत ते सांगते, कारण घरी कुणी सांगत नाहीये. 2002 साली डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम नावाच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासाचे निष्कर्ष आले. साखर सीमारेषेवर असलेल्या तीन हजारांवर लोकांपैकी ज्यांना आहार-व्यायाम दिला होता त्यांचं टार्गेट होतं फक्त 7 टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम. त्या गटात डायबिटीस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. 82 चे 7 टक्के म्हणजे पावणेसहा किलो. तुम्ही पाव किलोवर आहात ताई! आणि चालणं आठवड्याला 200 मिनिटं आहे. आपल्याकडे चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी असाच अभ्यास केला, 2006 ला छापून आला, तिथे आहार-व्यायामाने धोका 28.5 टक्क्यांनी उतरला आणि विशेष म्हणजे त्या लोकांच्या वजनात फारसा फरक पडलाच नव्हता. काटा हलला नाही तरी आत काम चालू असतं, हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये, ते मोजलेलं आहे.

म्हणून मी सगळ्यांना दुसरा काटा देते, ज्यात चार आठवड्यांत बहुतेकदा हालचाल दिसते. तुम्ही कमाटीबागेत चालताच, तर काला घोड्याकडच्या गेटपासून तुमचा नेहमीचा जो राउंड असेल तो ठरवून ठेवा, तोच रस्ता, त्याच दिशेने, आणि दर पंधरा दिवसांनी एकदा घड्याळ लावून चाला. किती मिनिटं लागली ते लिहा आणि शेवटी बोलताना वाक्य पूर्ण होतं का मधे श्वास घ्यावा लागतो तेही लिहा. दुसरं, जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर बांधा, 30 सेकंदात किती वेळा उठता-बसता येतं ते मोजा. गुडघा दुखत असेल तर हे सोडा. तिसरं शिंप्याची टेप, बेंबीच्या लेव्हलला, श्वास सोडून, सकाळी. आपल्या भारतीय बायकांसाठी कंबर 80 सेंटीमीटरच्या आत असावी असं धरतात, तुमची आज कितीही असो, आकडा लिहून ठेवा. आणि गेल्या वर्षीची चोळी कपाटातून काढून घालून बघा. चणियाला, म्हणजे खालच्या घागऱ्याला, नाडी असते, ती कुठेही बांधता येते, चोळीचे हूक मात्र लागतात किंवा लागत नाहीत.

मैत्रिणीचे 9 किलो, याबद्दल थोडं. मी तिला ओळखत नाही, तिचं चांगलंच होवो. पण नुसतं खाणं तोडून झपाट्याने वजन उतरतं तेव्हा सुरुवातीचं बरंचसं पाणी असतं आणि प्रोटीन, व्यायाम नसेल तर उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा, कधी जास्तही, स्नायूंचा जातो, शिवाय पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते. स्नायू गेले की शरीराचा बसल्या जागचा खर्च कमी होतो आणि शेक सुटला की वजन परत येतं, आणि परत येताना स्नायू घेऊन येत नाही. तुमच्या बाबतीत मला काळजी एकाच गोष्टीची आहे, की तुम्ही नुसतं चालताय. चालणं उत्तम, पण चाळिशीनंतर ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी हवाच, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांमध्येही तो स्वच्छ लिहिलाय. जिमच लावायला हवी असं नाही. खुर्चीवर उठबस, भिंतीला हात लावून पुशअप, पाच किलोची आट्याची पिशवी जमिनीवरून नीट उचलणं आणि ठेवणं, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, वीस मिनिटं पुरतात. आपलं तर व्यायामशाळांचं गाव, दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं आणि प्रो. माणिकरावांचं नाव ऐकत मोठे झालो आपण, आणि तरी आपल्या बायकांना वाटतं वजन उचलणं आपलं काम नाही. ते वाटणं आता सोडा. आणि प्रोटीन वाढवा, तुमच्या वजनाला दिवसाला 70-75 ग्रॅमपर्यंत न्यायचा प्रयत्न करा (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर). एक वाटी वरणात 6-7 ग्रॅमच मिळतं, म्हणून दोन्ही जेवणांत डाळ-कडधान्याबरोबर दही, पनीर, सोयाबीन, खात असाल तर अंडी, असं जोडायला लागतं.

आता तेल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण गाडं खरंच अडलेलं असतं तेव्हा दहातल्या सात घरांत ते इथे अडलेलं असतं. सगळ्याजणी मला सांगतात, "मॅडम, आमच्याकडे तेल कमीच असतं." खोटं नसतं ते, प्रत्येकीला तसंच वाटत असतं, कारण पळीने ओतलेलं तेल डोळ्याला दिसतच नाही. म्हणून मी पळी मोजायला सांगत नाही, डबा मोजायला सांगते. आपल्याकडे सिंगतेलाचा (शेंगदाण्याच्या तेलाचा) किंवा कपासियाचा (सरकीच्या तेलाचा) 15 किलोचा डबा आणायची पद्धत आहे. डबा ज्या दिवशी फोडला ती तारीख डब्यावरच मार्करने लिहा. चार माणसांचं घर आणि माणशी दिवसाला 30 ग्रॅम धरलं, जे खरंतर वरच्या बाजूचं आहे, तरी डबा 125 दिवस चालायला पाहिजे, म्हणजे चार महिने. तो दोन महिन्यांत संपत असेल तर माणशी 62 ग्रॅम रोज जातंय, एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे साडेपाचशेच्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या, भाकरी-भाजी-भात सगळं वेगळं. आणि तुमचं आजवरचं सगळं वजन रोजच्या 280 वर उतरलंय हे आठवा. वघारात, म्हणजे फोडणीत, दोन चमचे कमी, ढोकळ्यावर ओतायचं निम्मं, थेपल्यांना बाजूने सोडायच्या ऐवजी ब्रशने, आणि तळणाचं उरलेलं तेल भाजीत संपवायची जी सवय आहे ती बंद. याने घरात कुणाची चव बिघडत नाही, पहिले आठ-दहा दिवस कुरकुर होते तेवढीच. मुख्य म्हणजे यात तुमच्या एकटीच्या ताटाचा प्रश्न राहत नाही, सगळ्या घराचं भलं होतं, आणि "ही डाएटवाली" म्हणून वेगळं बसायला लागत नाही.

सकाळी बूट घालायची इच्छा होत नाही, हे तुम्ही लिहिलंयत ते वाचून मला वाईट वाटलं, पण घाबरू नका. इच्छेवर चालणं ठेवलं तर ते पाच महिने टिकलं हेच खूप झालं. सवय लागायला 21 दिवस लागतात म्हणतात त्याला आधार नाही, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अभ्यास झाला त्यात सरासरी 66 दिवस आले, कुणाला 18 तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि महत्त्वाचं म्हणजे मधला एखादा दिवस चुकला तर सवयीचं काही बिघडत नव्हतं. म्हणून माझा नियम साधा असतो, एक दिवस चुकला तर चुकला, लागोपाठ दोन चुकवायचे नाहीत. आणि नकोसं वाटणाऱ्या दिवसासाठी छोटा कार्यक्रम आधीच ठरवून ठेवायचा. बूट घालायचे, दहा मिनिटं चालायचं, तरी नको वाटलं तर घरी यायचं, तो दिवस पूर्ण धरायचा. आत्ता पाऊस आहे, बागेत चिखल असतो, तर "पाऊस असला तर बिल्डिंगचे जिने, चहाच्या आधी, दहा मिनिटं" असं अगदी वेळेसकट कागदावर लिहून फ्रिजवर लावा. सकाळी सहाला उठून विचार करायला लागलं की गादी जिंकते, म्हणून विचार आदल्या रात्रीच करून ठेवायचा. बरोबर कुणी असेल तर अजून चांगलं. कमाटीबागेत रोज दिसणाऱ्या बायकांपैकी एकीशी ओळख करा, वेळ ठरवा, ती गेटवर उभी आहे म्हटल्यावर पाय आपोआप निघतात.

घरच्यांचं म्हणाल तर रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, मामेबहीण सहा महिन्यांनी भेटली की तीच पहिली बोलेल. मिस्टरांकडून कौतुकाची वाट बघण्यापेक्षा त्यांना एक नेमकं काम सांगा, म्हणजे डब्यावर तारीख लिहायची किंवा मंगळवार-शुक्रवार तुम्ही व्यायाम करताना वीस मिनिटं कुकर बघायचा. सासूबाई आग्रहाने वाढत असतील तर "आई, मी घेते हाताने" एवढंच म्हणा, वाद नको. त्या प्रेमाने वाढतात आणि नको म्हटलं की त्यांना लागतं, त्यापेक्षा त्यांच्या हातचं थोडं आधी घेऊन चांगलं झालंय म्हणावं.

आता श्रावण, गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी, सगळं ओळीने. या काळात वजन उतरवायचं टार्गेट मी कुणालाच देत नाही. टिकवलंत तरी ते यशच आहे, आणि हे आधीच ठरवलं की मोदक खाताना अपराधी वाटत नाही, आणि अपराधी वाटलं नाही की दोनावर थांबता येतं. उपवासाला साबुदाणा खिचडी आणि वेफर्स रोज नकोत, भगर, ज्याला इथे मोरैयो म्हणतात, ती दह्याबरोबर, रताळं, राजगिऱ्याची भाकरी, ताक असं फिरवा, दाण्याचं कूट चमच्याने मोजून.

आणि गरबा! बडोद्यात राहून मोटिव्हेशन शोधताय आणि नवरात्र दीड महिन्यावर आलंय, हेच तर तुमचं मोटिव्हेशन. या वर्षी टार्गेट किलोत ठेवूच नका, गरब्यात ठेवा. गेल्या वर्षी किती वेळ सलग खेळता आलं होतं, कुठल्या वेळेला धाप लागून कडेला येऊन बसलात, ते आठवून लिहा आणि या वर्षी त्याच्यापुढे जायचं. त्यासाठी आतापासून आठवड्यातले दोन दिवस चालताना मधे मधे दोन मिनिटं जोरात, दोन मिनिटं सावकाश असं करा, आणि टाचा उचलण्याचा व्यायाम सोडू नका, कारण मोठ्या ग्राउंडवर दोन-अडीच तास अनवाणी खेळल्यावर पहिल्या पोटऱ्या आणि टाचाच बोलतात, मग तिसऱ्या रात्री घरी बसायला लागतं. संध्याकाळी सातला नीट जेवून निघा, भाकरी-डाळ-भाजी किंवा थेपले-दही, म्हणजे मध्यरात्री बाहेर पडल्यावर गाड्यांवर जे सुरू होतं त्यात भुकेपोटी ओढले जाणार नाही. मैत्रिणींबरोबर एखाद्या रात्री खाल्लंत तर खा, नऊही रात्री नको. दसऱ्याला फाफडा-जलेबी नाश्त्याच्या ऐवजी, बसून, एक प्लेट. आणि त्या नऊ दिवसांत काटा पलंगाखाली सरकवून ठेवा, कारण अचानक इतकं नाचल्यावर स्नायू पाणी धरतात, झोप अर्धी होते, भूक वाढते, वजन वर दिसणारच. दसऱ्यानंतर आठ दिवसांनी काढा. दिवाळी झाली की थंडीत पावागडला जा, रोप-वे न घेता माचीपासून पायऱ्यांनी, एक चढण डोळ्यासमोर ठेवली की नोव्हेंबरचं चालणंही टिकतं.

एवढं सगळं नीट करून, डबा मोजून, अजून चार आठवडे कंबरही हलली नाही आणि वजनही नाही, तर त्याला मी खरं अडलेलं म्हणेन, आणि तेव्हाही खाणं अजून तोडू नका, आधी तपासण्या करा. 82 किलोच्या शरीराला जेवढं लागत होतं तेवढं 76 ला लागत नाही, त्यामुळे वेग मंदावणं साहजिक आहे, पण तुमच्या वयात थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-12 एकदा बघायलाच हवं, विशेषतः थकवा, केस गळणं, पाळी मागेपुढे होणं यातलं काही असेल तर. रात्री लपून खूप खाणं होत असेल किंवा खाल्ल्यावर उलटी काढावीशी वाटत असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, त्यावर इलाज आहे. स्टिरॉइड किंवा मनाच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं किंवा अडतं, तेव्हा चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या, आपल्या मनाने एकही बंद करू नका. फास्टिंग शुगर आणि लिपिडसाठी रक्त रिकाम्या पोटी द्यायचं असतं, म्हणून त्या दिवशी चालणं रक्त देऊन, नाश्ता करून मग करा. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबवाल्याला आधीच सांगा, त्या गोळ्यांमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, किती दिवस आधी थांबवायच्या ते डॉक्टर सांगतील.